सुई एकाला, गुंगी घराला

या घराला स्वतःची अशी बसायची जागा कधीच नव्हती. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि दोन्हीकडे बूड टेकण्यासारखं जे काही असेल ते गिऱ्हाइकाचं. सोफा दुरुस्तीला आला की घर आठवडाभर ऐसपैस बसायचं; सोफा परत गेला की घर उभं. थोरल्याचं लग्न जमलं ते एका दंतवैद्याच्या खुर्चीमुळे. वहिनीच्या वडिलांना त्या खुर्चीत बसवून ती मागे कलती केली होती, आणि त्या अवस्थेत माणूस सहसा नाही म्हणत नाही. धाकट्याला पहिल्यांदा हॉस्पिटलात न्यायचं ठरलं ते बँकेच्या लांब बाकावर, सगळे आपला नंबर पुकारायची वाट बघत असल्यासारखे बसलेले असताना.

त्या रविवारी दुपारी दुकानात नाट्यगृहाच्या खुर्च्या होत्या.

लाल मखमल, आपोआप मिटणारी बैठक, एकमेकींना पक्क्या जोडलेल्या ओळी. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, त्यामुळे कुटुंबाला भांडायचं तर समोर बघूनच भांडावं लागत होतं. पहिल्या ओळीत आत्या, तिच्या शेजारी बाबा, मग थोरला, मग वहिनी. समोर, जिथे एरवी रंगमंच असता, तिथे एका स्टुलावर डॉक्टरीणबाई आणि उपड्या खोक्यावर धाकटा. तिकीट काढून आल्यासारखं घर त्या दोघांकडे बघत होतं. फरक इतकाच की प्रेक्षक पेंगत होते.

प्रश्न साधा होता. खुर्च्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकनं दूरच्या एका गावी जायच्या होत्या. त्या बसवायला जाणारा माणूस तिथेच राहिला, तर नाट्यगृह त्याला कायमचं काम आणि रंगमंचामागची एक खोली द्यायला तयार होतं. धाकटा जेवता जेवता म्हणाला होता, “मी जातो.” मीठ मागावं तसं. या घरात कुणी काही मागितलं की पुढे करतात, पण त्या दिवशी कुणाचाच हात पुढे झाला नाही. त्यानंतर दोन महिने घर विचार करत होतं, आणि शेवटी थोरल्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता: त्याची सुई बंद करा, पुन्हा गोळ्या द्या.

कारण गोळी रोज द्यावी लागते. द्यायला माणूस लागतो. माणूस घरी असतो. सुई महिन्यातून एकदा, आणि ती कुठल्याही गावात कुठलीही नर्स देऊ शकते. सुईची हीच खोड घराला आवडली नव्हती.

“सुई बंद करायची,” थोरला समोरच्या भिंतीला म्हणाला. “घराचा निर्णय आहे.”

“घरात हेही आले ना?” डॉक्टरीणबाईंनी धाकट्याकडे बघितलं.

“त्याचाच तर प्रश्न आहे.”

“तेच म्हणते मी.”

थोरला उठला. त्याच्या मागे खुर्ची फटकन मिटली. त्यानं दाराशी एक फेरी मारली, परत आला, खुर्ची उघडून बसला, आणि लगेच त्याचा गुडघा शिलाई मशीनसारखा हलायला लागला. एके काळी हा माणूस दुकानातून ओरडला की पलीकडचा न्हावी वस्तरा थांबवायचा. हल्ली त्याचा आवाज अर्ध्यावरच दमत होता आणि पाय मात्र थांबत नव्हते. गिऱ्हाइकांना तो सुधारल्यासारखा वाटायला लागला होता, आणि याचा त्याला सर्वांत जास्त राग होता.

“त्रास काय होतोय सुईनं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“गुंगी. बेचैनी. तोंडाला कोरड.”

“कुणाला?”

“आम्हाला.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. नोकरीत त्यांनी बरंच काही ऐकलं होतं. सैपाकघरातल्या नळातून आज्ञा येतात हे ऐकलं होतं, शेजारणीचा पोपट जबानी लिहून घेतो हेही ऐकलं होतं. पण ते पेशंटांकडून.

“सुई यांना, आणि गुंगी तुम्हाला?”

“वाफेनं होत असेल,” वहिनी डोळे न उघडता म्हणाली. “औषध अंगात महिनाभर राहतं म्हणता. घामातून बाहेर येतच असेल की. उन्हाळ्यात हा शर्ट काढून काम करतो.”

“वहिनी, मी माळ्यावर झोपतो,” धाकटा म्हणाला.

“वाफ वर जाते, पण थंड झाली की खाली येते. माझं मेलीचं वजन बघ. नुसती भूक, भूक. भाकरीचा वास आला तरी बटण तुटतं.”

आत्याच्या हातात सुईदोरा होता, मखमलीच्या एका कोपऱ्याला शेवटचा टाका घालायचा राहिला होता, आणि दोरा काही केल्या सुईत जात नव्हता. चाळीस वर्षं ज्या हातानं दिवे गेल्यावरही दोरा ओवला, तो हात आता सुईला नुसता ढुशी मारत होता. तिनं दोरा ओठात ओला करायला घेतला, तर तोंडात ओल नव्हती.

या आत्यानंच गोळीचा शिरस्ता घालून दिला होता. धाकटा पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा. त्याला तेव्हा खुर्च्यांच्या आत माणसं बोलताना ऐकू यायची; त्यानं डिलिव्हरीसाठी तयार असलेले सगळे सोफे एका दुपारी उसवून काढले, आत कुणी आहे का बघायला. शिलाई इतकी हलक्या हातानं उसवली होती की बाबांनी आधी कामाला दाद दिली आणि मग रडायला घेतलं. स्किझोफ्रेनिया म्हणतात याला, असं हॉस्पिटलानं सांगितलं. आत्या म्हणाली, म्हणत असतील. पण माझ्या पोराला एकट्याला वेगळं पाडायचं नाही. तेव्हापासून दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांनी एकेक पांढरी गोळी घ्यायची. त्याला त्याची, बाकीच्यांना व्हिटॅमिन. तेवढंच, की घेतल्यावर तोंड फक्त त्याला उघडावं लागायचं. तोंड उघड. जीभ वर. हा गाल. तो गाल. गिळ.

आणि तरीही आजार फिरून आला. दोनदा, तीनदा.

“तुम्ही समाधानी आहात का या उपचारावर?” डॉक्टरीणबाई धाकट्याला म्हणाल्या. हॉस्पिटल सध्या सुईवरच्या सगळ्या पेशंटांना हे विचारत होतं. त्या खोलीत धाकट्याला ‘तुम्ही’ म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि दर वेळी ते ऐकलं की वहिनी एक डोळा उघडून बघायची, कोण पाहुणा आला म्हणून.

धाकट्यानं विचार केला. तो गादी भरतानाही असाच थांबायचा.

“सुई घेतली की दंड दोन दिवस दुखतो. तेवढे दिवस मी हातोडी डाव्या हातानं मारतो. पहिल्या महिन्यांत झोप फार यायची, ते मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही डोस कमी केलात. आता बरं आहे. खुर्च्या गप्प आहेत.”

“म्हणजे समाधानी?”

“माझ्या तोंडात कुणी डोकावत नाही,” धाकटा म्हणाला. “हो. समाधानी.”

आत्याची सुई बोटात गेली.

“आणि तुम्ही?” धाकट्यानं विचारलं.

“मी काय?”

“डॉक्टरांनाही विचारतात ना हेच? मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात. मग तुम्हाला कोण विचारतं?”

“मीच मला विचारते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ते उघड्यावर म्हटल्यावर जरा विचित्र वाटलं.

“मग मी विचारतो. तुम्ही समाधानी आहात?”

त्यांनी पहिल्या ओळीकडे बघितलं. थोरला फेरी मारून नुकताच बसत होता. बाबा सरळ बसले होते.

“आधी मी यांना सुई सुचवायलाच घाबरत होते,” त्या म्हणाल्या. “शिक्षा दिल्यासारखं वाटेल म्हणून. गोळ्यांच्या काळात आमची प्रत्येक भेट चौकशीसारखी व्हायची. हे म्हणायचे घेतली, मी म्हणायची नक्की? आता औषध पोचलंय हे मला माहीत असतं, त्यांना माहीत असतं. मग आम्ही दुसरं बोलतो. स्प्रिंगांबद्दल मला बरंच कळायला लागलंय. हो, मी समाधानी आहे.”

“दोघं समाधानी,” थोरला म्हणाला. “छान. मरतोय ते आम्ही.” आणि तो पुन्हा उठला. फटकन खुर्ची मिटली.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. आधी गुडघा. मग वहिनीचा जड झालेला, हलायला नाखूश चेहरा. मग आत्याची थरथरणारी बोटं. हे तिन्ही त्यांनी हजारदा बघितलं होतं, पण वॉर्डात. वाफेची शंका त्यांनाही क्षणभर चाटून गेली, हे त्यांनी नंतर कुणालाच सांगितलं नाही.

“तुम्ही सगळे मिळून रोज काय घेता?” त्यांनी विचारलं. “खाण्यापिण्यात. औषधात.”

“व्हिटॅमिन,” वहिनी म्हणाली. “आत्ताच घेतलं, जेवल्यावर.”

“बघू.”

बरणी आणायला आत्या उठली, आणि जाताना तिच्या चालीत असं काही होतं की बाबांनी मान वळवली.

बाबांनी अजून एकही शब्द काढला नव्हता, कारण त्यांच्या तोंडात खिळे होते. जुना कारागीर बारीक खिळे गालात भरून ठेवतो. जिभेनं एकेक पुढे ढकलायचा, डोकं बाहेर. लोहचुंबकाची हातोडी ओठांशी नेली की खिळा उचलला जातो, आणि दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. बाबा खिळे न काढता पाणी प्यायचे, खोकायचे, एकदा तर शिंकलेही होते. थोरल्याला ही विद्या जमली नाही. पहिल्याच दिवशी त्यानं एक गिळला, आणि सगळं घर दोन दिवस खिळ्याची वाट बघत होतं. धाकटा मात्र बाबांपेक्षा सरस निघाला. घरात काही ठरवायची वेळ आली की बाबा आधी तोंड भरून घेत. मत द्यायची पाळी येत नसे.

डॉक्टरीणबाईंनी बरणीतल्या गोळ्या हातावर ओतल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल. त्यांनी एक उजेडाकडे धरली. धाकटा खोक्यावरून वाकला.

“मधे रेघ आहे ती माझी,” तो म्हणाला. “रेघ नसलेलं व्हिटॅमिन.”

“इतक्या लांबून दिसतं तुम्हाला?”

“दिसत नाही. पण रेघ नसती तर तुम्ही बघत बसला नसतात. जिभेला ती लगेच कळते.”

थोरल्याच्या गुडघ्याचा तेवढा आवाज.

“आत्या,” थोरला अगदी हळू म्हणाला. त्याला आता तेवढंच जमत होतं. “त्याची गोळी व्हिटॅमिनात कशी?”

“उरल्या होत्या,” आत्या म्हणाली. “डबेच्या डबे. सुई सुरू झाली म्हणून टाकायच्या? या घरात कधी काही टाकलंय? जुन्या गादीतला कापूससुद्धा पिंजून नव्यात घालतो आपण. हा जातो म्हणाला, तेव्हा मला वाटलं, जायच्या आधी थोडं अंगात भरलेलं असावं. नुसत्या सुईवर कसा सोडू? त्याच्या हातावर गोळी ठेवली तर तो घेणार नाही. म्हणून मिसळल्या. कापूस मिसळतो तशा. नीट मिसळलं की सगळीकडे सारखं जातं. त्याच्याही वाट्याला आल्या असत्याच की अधूनमधून.”

“आणि आम्ही?” वहिनीचे दोन्ही डोळे आता उघडे होते.

“तुम्हाला वेगळं कसं पाडू?” आत्या म्हणाली.

हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं होतं, हीच पंचाईत होती.

“तुम्ही किती घेतल्यात यातल्या?” डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच घाईचा झाला होता.

“एकही नाही. सुई सुरू झाल्यापासून मी गोळी घेत नाही. कुठलीच. आत्या ताटाजवळ ठेवते, मी ताट उचलताना परत बरणीत टाकतो.” तो थोडा ओशाळला. “टाकायचं नसतं ना काही.”

म्हणजे दोन महिने घरातल्या एकाच माणसाचं औषध घरातला तोच एक माणूस सोडून सगळे खात होते. डॉक्टरीणबाईंनी मनातल्या मनात हे वाक्य वरिष्ठांना सांगून बघितलं आणि सोडून दिलं. गोळ्या आजपासून बंद, त्या म्हणाल्या. काही बिघडलेलं नाही, उतरेल, पण सकाळी सगळ्यांनी हॉस्पिटलात येऊन तपासून घ्यायचं. तोवर थोरल्यांनी ट्रक चालवायचा नाही. कात्रीलाही हात लावायचा नाही.

“मग खुर्च्या कोण नेणार?” थोरला म्हणाला.

तेव्हा त्यांचं लक्ष बाबांकडे गेलं. बाबांचा गुडघा स्थिर होता. डोळे लख्ख.

“बाबा, तुम्ही नाही घेत?”

“सगळ्यांच्या आधी घेतात,” वहिनी म्हणाली. “माझ्या डोळ्यांसमोर. आत्तासुद्धा.”

बाबांनी तळहात तोंडाशी नेला. जिभेनं एकेक खिळा बाहेर आला, डोकं आधी, शिस्तीत. सगळ्यांत शेवटी, अर्धी विरघळलेली, एक पांढरी गोळी.

“मला गिळवत नाही,” बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ऐकलेला तो आवाज खिळ्यांशिवाय भलताच मऊ निघाला. “अडकते. घशात. पहिल्यापासूनच.”

थोरला वळून बघायला गेला, पण खुर्ची वळू देईना. त्यानं समोर बघतच विचारलं, “मग रोज कुठे थुंकायचात?”

“खिळ्यांच्या डब्यात.”

“आणि तू?” हे धाकट्याला.

“त्याच डब्यात,” धाकटा म्हणाला. “गोळ्यांच्या काळात.”

थोरल्याचं डोकं जड होतं, तरी त्याला हे पोचलं. एका डब्यात दोन गोळ्या. रोज. आणि डबा बाबांचा. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं? हा गिळत नाही ते? त्यानं दुसऱ्यांदा सोफे फाडले तेव्हा, नंतर तो पुलावर सापडला तेव्हा...”

“फाडले नव्हते,” बाबा म्हणाले. “उसवले होते.”

“बाबा!”

“माहीत होतं.” बाबांनी तळहातावरचे खिळे एका दिशेला लावायला घेतले. “मला स्वतःला गिळता येत नव्हती. त्याला कुठल्या तोंडानं सांगू, गिळ?”

आत्या बाबांच्या शेजारी बसली होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही, ओळीत बसून ते सोपंही नव्हतं. इतकी वर्षं ती तोंडात बघत आली होती, डावा गाल, उजवा गाल, आणि तिला वाटायचं की आपलं लक्ष आहे. वहिनीनं लांबून, थोरल्याच्या आणि बाबांच्या मांड्यांवरून हात पुढे करून, तिचा हात धरला. या दोघी उन्हाळ्यापासून एका कात्रीवरून बोलत नव्हत्या.

“हे असं वाटायचं तुला?” थोरल्यानं धाकट्याला विचारलं. “हे पाय. हा चिखल डोक्यातला. रोज?”

“रोज नाही. मी थुंकायचो ना.” धाकट्यानं आठवून बघितलं. “हॉस्पिटलात वाटायचं. तिथे खिळे नव्हते.”

“सांगितलं का नाहीस?”

“सुईच्या वेळी सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं होतं.”

थोरला उठला नाही. पाय हलत होते, तरी तो बसून राहिला. मग म्हणाला, “मला अजूनही वाटतं, तू जाऊ नयेस.”

“मला माहीत आहे,” धाकटा म्हणाला. “पण तुला वाटतं म्हणून सुई बंद नको.”

“एक महिना सुई चुकली तर?”

“तिथल्या दवाखान्याशी माझं बोलणं झालंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यांनीच लावून दिलं. चुकली तर ते यांना फोन करतील, मग मला.”

“आणि मग आम्हाला?”

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याकडे बघितलं. तो विचार करत होता, गादी भरताना थांबायचा तसा.

“मग तुला,” तो थोरल्याला म्हणाला. “फक्त तुला. आत्याला तू सांग.”

थोरल्यानं मान डोलावली. ती गुंगीनं डोलली की होकारानं, हे त्यालाही नक्की सांगता आलं नसतं, पण घरानं होकार धरला. बाबा म्हणाले, “ट्रक मी चालवतो. खुर्च्या हा बसवेल. मी एकटा परत येतो.” मग त्यांनी खिळे पुन्हा तोंडात टाकले. बैठक संपली.

डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा गोळ्या एका पाकिटात घेऊन निघाल्या. आत्या दारापर्यंत मागे गेली.

“सगळ्या टाकणार?”

“सगळ्या.”

“व्हिटॅमिनसुद्धा? ती तर चांगली आहेत.”

“आत्या.”

“बरं बाई. बरणी तेवढी राहू द्या.”

सकाळी ट्रक भरला. शेवटच्या ओळीतल्या एका खुर्चीचा हात ढिला लागला, म्हणून धाकटा ट्रकच्या फळीवर बसून तो ठोकत होता. वहिनी झोपून होती. डब्यात भाकऱ्या मात्र उठून बांधल्या होत्या, आणि त्यातली एक कमी होती. थोरला दोर आवळत होता. कात्रीची बंदी त्यानं पाळली होती, दोराला बंदी नव्हती.

आत्या बरणी घेऊन खाली आली. धुऊन पुसून लख्ख केलेली, आणि बारीक खिळ्यांनी काठोकाठ भरलेली. तिनं ती धाकट्याच्या पिशवीत शर्टांच्या मधे रोवली. मग ती त्याच्यासमोर उभी राहिली. काही तरी बोलायला हवं होतं, आणि तिला येत होतं ते एकच.

“तोंड उघड,” ती म्हणाली.

बाबांनी गाडीच्या आरशातून बघितलं. थोरल्याचा हात दोरावर थांबला. गुडघाही थांबला. धाकट्यानं हातोडी खाली ठेवली, आत्याकडे जरा वेळ बघितलं, आणि तोंड उघडलं.

तिनं डावा गाल बघितला. उजवा गाल बघितला. जिभेखाली वाकून बघितलं. सगळीकडे खिळे होते, ओळीनं लावलेले, सगळ्यांची डोकी बाहेर.

“ठीक,” आत्या म्हणाली. “गिळू नकोस.”